ढिगाच्या पोटात काय शिजतं

मागच्या उन्हाळ्यात माझ्या नातवाने इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराच्या मागच्या खिडकीत प्लास्टिकच्या दोन बाटल्या मांडल्या. प्रकल्प त्याच्या शाळेचा, पण विषय मी सुचवला. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, तरी एक गोष्ट मला लोकांच्या गळी उतरवता येत नव्हती. सगळ्यांना वाटतं, कचरा एकदा टाकला की तो पडून राहतो. दिसायला वाईट, नाकाला वाईट, पण निपचित. तो निपचित नसतो. तो शिजत असतो, आणि त्यातून जे निघतं ते आपल्या हवेत, पाण्यात आणि रक्तात येतं.

पहिल्या बाटलीत आम्ही बटाट्याची सालं, उरलेला भात, चहाचा चोथा, कोथिंबिरीच्या काड्या, ब्रेडच्या पिशवीचा तुकडा, वर्तमानपत्राचा कपटा, एक लोखंडी खिळा आणि अर्धा कप पाणी घातलं. दुसऱ्या बाटलीत फक्त पिशवीचा तुकडा, कपटा आणि खिळा. ओलं काहीच नाही. झाकणाऐवजी दोन्हींच्या तोंडाला फुगे बांधले.

तिसऱ्या दिवशी पहिल्या बाटलीचा फुगा ताठ उभा राहिला. दहाव्या दिवशी ती अंगणात नेऊन उघडली. वास असा की सूनबाईंनी घराची दारं लावून घेतली. तळाशी जमलेलं पाणी मी पांढऱ्या बशीत ओतलं. आधी ते मातकट तपकिरी होतं. मग आमच्या डोळ्यांदेखत कडेकडेने गडद होत गेलं आणि दहा मिनिटांत काळं झालं, शाईसारखं काळं.

ती खरोखर शाईच होती. आपल्याकडे बोरूने लिहायची शाई हिरडा आणि हिराकस उकळून करत असत. हिरड्यात टॅनिन असतं, हिराकशीत लोह. दोघं हवेत एकत्र आले की काळा रंग उतरतो. चहाच्या चोथ्यातही टॅनिन असतं. लोह कुठून आलं? खिळ्यातून. भात आणि सालं कुजताना आम्लं तयार झाली, त्या आम्लांनी खिळा कुरतडला आणि लोखंड विरघळून पाण्यात उतरलं. नातवाने खिळा चिमट्याने उचलून दाखवला, त्याच्या पाठीवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते.

आता खिळ्याच्या जागी घरातून जाणाऱ्या बाकीच्या वस्तू ठेवून बघा. टॉर्चचे सेल, रंगाचा जुना डबा, शिसं लावून जोडलेलं रेडिओतलं सर्किट, फुटलेला सीएफएल दिवा, ज्यात थोडा का होईना पारा असतो. आणि बाटलीच्या जागी पन्नास फूट उंचीचा ढीग, वर मालव्यातला चार महिन्यांचा पाऊस. त्या ढिगाखालून जे काळं पाणी पाझरतं त्याला लीचेट म्हणतात. मी त्याला कचऱ्याचा काढा म्हणते. काढ्यासारखंच पाणी सगळ्या थरांतून झिरपत खाली येतं आणि वाटेत प्रत्येकाचा अर्क घेतं.

पाणी कुठे जातं

नीट बांधलेल्या लँडफिलमध्ये, म्हणजे कचरा पुरायच्या जागेत, आधी खड्ड्याच्या तळाशी चोपलेल्या चिकणमातीचा थर देतात, त्यावर जाड प्लास्टिकचा पडदा, त्यावर लीचेट गोळा करणारे पाइप. रोजच्या कचऱ्यावर संध्याकाळी मातीचं पांघरूण पडतं. उघड्या ढिगाला यातलं काहीच नसतं. ट्रक येतो, मोकळ्या जमिनीवर उपडा होतो, निघून जातो.

आपल्या भागात जमिनीचा स्वभावही विचारात घ्यावा लागतो. मालव्याची काळी माती ओली असताना फुगून बंद होते, त्यामुळे पाणी खाली जाणार नाही असं वाटतं. पण मे महिन्यात तिला भेगा पडतात, हात जाईल एवढ्या, आणि जूनचा पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ खाली उतरतो. मातीखाली दख्खनचा काळा पत्थर आहे, महाराष्ट्रात आहे तोच. या दगडात पाणी वाळूतल्यासारखं गाळत गाळत जात नाही. ते चिरांमधून वाहतं. म्हणून ढिगाला लागून असलेली विहीर बरी आणि लांबची बोअर खराब, असंही होऊ शकतं. चीर जिकडे जाईल तिकडे पाणी जातं. ‘आमच्या घरापासून ढीग लांब आहे’ यात दिलासा मानू नये, तो यासाठी.

इंदुरात नळाला नर्मदा आली, तेव्हापासून पिण्यासाठी विहिरीकडे कोणी फारसं पाहत नाही. पण नव्या कॉलन्यांत आणि शहराच्या कडेच्या गावांत बोअरचंच पाणी चालतं, आणि तिथेच लोक म्हणतात, ‘आम्ही उकळून पितो, काही होत नाही.’ उकळल्याने जंतू मरतात, हे खरं. पण लीचेटमधून आलेलं शिसं उकळून जात नाही. कुजलेल्या अन्नातल्या नत्रापासून तयार होणारं नायट्रेटही जात नाही. उलट वाफ उडून पाणी आटतं तेवढं ते दाट होतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, शिशाची फक्त ०.०१ मिलिग्रॅम. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध अशा नायट्रेटच्या पाण्यात कालवून दिलं, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते आणि बाळ निळसर दिसू लागतं. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीत अडथळा आणतं, आणि त्याची सुरक्षित म्हणावी अशी कुठलीच मात्रा नाही. दोन्हींना ना रंग, ना वास. कॉलनीत बोअर असेल तर वर्षातून एकदा, तेही पावसाळ्यानंतर, प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या आणि अहवालात नायट्रेट आणि शिसं हे दोन आकडे आहेत का ते मुद्दाम बघा. दुकानदाराचं टीडीएस मीटर हे सांगू शकत नाही. त्याला फक्त एकूण क्षार कळतात.

जमिनीत न मुरलेलं पाणी नाल्याला लागतं, नाला नदीला. आम्ही लहानपणापासून जिला खान म्हणत आलो, आता कागदोपत्री कान्ह, ती नदी उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला. इंदूरच्या उताराला जे टाकलं, ते उज्जैनच्या घाटावर अंघोळ करणाऱ्याच्या ओंजळीत येतं.

फुगा कशाने फुगला

पहिल्या काही दिवसांतला वायू मुख्यतः कार्बन डायऑक्साइड होता. मिथेन यायला वेळ लागतो. ढिगातही असंच होतं. आधी आतली हवा संपते. मग हवेशिवाय जगणारे जंतू कामाला लागतात, ते अन्नाची आम्लं करतात. मग काही महिन्यांनी त्या आम्लांवर जगणारे मिथेनचे जंतू बस्तान बसवतात, आणि एकदा बसले की ढिगावर नवा कचरा पडणं थांबलं तरी पुढे कितीतरी वर्षं वायू देत राहतात. जुन्या ढिगातून निघणारा वायू ढोबळमानाने निम्मा मिथेन असतो. गोबर गॅसच्या टाकीत जे मुद्दाम घडवतात तेच इथे आपोआप घडतं, फक्त टाकी नाही आणि शेगडी नाही. वीस वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो.

हवेत मिथेनचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान आलं की ठिणगी पुरते. उन्हाळ्यात ढिगांना आगी लागतात त्यामागे बहुतेकदा हा वायू असतो, मग काडी कोणी टाकलेली असो वा आतली उष्णता वाढलेली असो. आणि ही आग वरून दिसते तेवढी नसते. ती आत धुमसते, कोळशाच्या भट्टीसारखी. वरून बंबाने पाणी मारलं तर पाणी प्लास्टिकच्या थरांवरून घसरून जातं आणि खाली आणखी काढा तयार करतं. आग विझवायला पोकलेन लावून ढीग उकरावा लागतो, जळता भाग वेगळा करून मातीने दाबावा लागतो. २०१६ च्या जानेवारीत मुंबईतला देवनारचा कचऱ्याचा ढीग पेटला तेव्हा धुरामुळे शाळांना सुट्टी द्यावी लागली होती. २ मार्च २०२३ ला कोचीतल्या ब्रह्मपुरमच्या ढिगाला आग लागली, ती विझायला जवळपास दोन आठवडे गेले आणि सगळं शहर मास्क लावून बसलं.

ढीग कोसळतोही. पावसाने वजन वाढतं, आत वायूचा दाब असतो, आणि ओल्या प्लास्टिकचे थर एकमेकांवरून सरकतात. दिल्लीत गाझीपूरला १ सप्टेंबर २०१७ रोजी असाच कडा तुटून दोन जीव गेले. फिलिपिन्समध्ये पायातास इथे जुलै २००० मध्ये दोनशेहून जास्त माणसं गाडली गेली, आणि त्यांतली बरीचशी ढिगाच्या पायथ्याशी राहून कचरा वेचणारी होती.

धुराबद्दल जरा थांबून सांगते, कारण मोठ्या ढिगाच्या आगीची बातमी होते, पण गल्लीच्या कोपऱ्यावर पेटवलेल्या छोट्या ढिगाची होत नाही, आणि तो धूर आपण अगदी जवळून घेतो. थंडीत चौकीदार शेकायला पाला, रॅपर, तुटकी चप्पल एकत्र पेटवतो. ही आग थंड असते, म्हणजे नीट जाळून संपवण्याइतकी गरम नसते. अर्धवट जळलेल्या वस्तूंचे बारीक कण धुरात येतात. त्यातल्या पीएम २.५ कणांची जाडी केसाच्या जवळजवळ तिसाव्या भागाइतकी. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत, ते फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि सर्वांत बारीक कण रक्तातही उतरतात. त्यातून दमा चाळवतो, हृदयविकाराचा धोका वाढतो. डिसेंबरच्या रात्री जमिनीलगतची थंड हवा वर उठत नाही, म्हणून तोच धूर सकाळपर्यंत आपल्या खिडकीपाशी तरंगत राहतो.

कचऱ्यात पीव्हीसी हे प्लास्टिक असेल तर गोष्ट आणखी गंभीर होते. चप्पल, रेक्झिन, पाइप, वायरचं आवरण. यातल्या क्लोरीनपासून अर्धवट आगीत डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं तयार होतात. तांबं काढण्यासाठी वायरी जाळतात तेव्हा तर तांबं स्वतःच ती क्रिया वाढवतं. डायॉक्सिन हवेत थोडे दिसतात, पण ते माती आणि गवतावर बसतात, गाय ते खाते, तिच्या चरबीत साठतात आणि दुधातून आपल्याकडे येतात. माणसाच्या शरीरात शिरलेलं डायॉक्सिन निम्मं व्हायलाच ७ ते ११ वर्षं लागतात. यांतल्या सर्वांत विषारी प्रकाराची नोंद कर्करोग करणाऱ्या पदार्थांत आहे. म्हणून कोणी म्हटलं की ‘थोडासाच कचरा होता, जाळून टाकला’, तर मला गप्प बसवत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर जाळायला मनाई केली, ती याच कारणाने.

माश्या, उंदीर, डास

यांच्याबद्दल सगळ्यांना थोडंफार माहीत असतं, म्हणून फक्त दोन गोष्टी. माशी एका वेळी शंभराच्या वर अंडी घालते आणि इंदूरच्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत त्यांच्या माश्या होतात. म्हणजे ओला कचरा आठ-दहा दिवस पडून राहिला, तर एक पूर्ण पिढी आपल्या ताटापर्यंत येते. डेंग्यूच्या डासाला मात्र कुजकं काही लागत नाही. त्याला स्वच्छ पाणी हवं, तेही थोडंसंच. टायर, करवंटी, चहाचा प्लास्टिकचा कप. शिवाय त्याची अंडी कोरड्या कपाच्या कडेला महिनोन् महिने तग धरतात आणि पाऊस पडला की उबतात. म्हणजे डेंग्यू वाढवायला सुका कचरासुद्धा पुरतो.

उंदरांचं म्हणाल तर त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, पायाला जखम असलेला माणूस साचलेल्या पाण्यातून चालला की. आणि १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला, तेव्हा पुरानंतरची घाण आणि मेलेली जनावरं रस्त्यांवर पडून होती, लाखो लोक शहर सोडून पळाले. आपल्या देशात कचऱ्याकडे गंभीरपणे पाहायला सुरुवात झाली ती तिथून. १९९६ साली पर्यावरण कार्यकर्त्या अलमित्रा पटेल सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि त्या खटल्यातून २००० सालचे घनकचरा नियम आले.

या सगळ्या धोक्यांचा पहिला मार खाणारा माणूस ढिगावर उभा असतो. वेचणाऱ्या बाईच्या हाताला मोजे नसतात. आपण गाठ मारलेली पिशवी ती हाताने फाडते, आत काय आहे ते तिला फाडल्यावरच कळतं. फुटलेला ग्लास, इन्सुलिनची सुई, वापरलेलं डायपर. सुईने टोचलं तर हिपॅटायटिस बी, गंजलेल्या पत्र्याने कापलं तर धनुर्वात. काच वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल पेनाने फुली मारायला मला अर्धा मिनिट लागतो. सुई जाड प्लास्टिकच्या बाटलीत घालून झाकण लावायला तेवढंही नाही.

दुसरी बाटली

तिच्याबद्दल सांगायचं राहिलं. दहाव्या दिवशी तिचा फुगा लोंबतच होता. महिन्याने खिळा बाहेर काढला तर जसाच्या तसा. कपटा वाचता येत होता. वास नाही, पाणी नाही. दोन्ही बाटल्यांत प्लास्टिक तेच, कागद तोच, लोखंड तेच. फरक फक्त भाताचा, सालांचा आणि चोथ्याचा.

मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. आम्ल करणारं, वायू करणारं, माशी बोलावणारं, प्लास्टिक बरबटवून कायमचं निकामी करणारं, ते सगळं ओलं असतं. भारतातल्या घरचा साधारण निम्मा कचरा ओला असतो. तो निम्मा वेगळा काढला तर उरलेल्याचा ढीग झाला तरी शिजत नाही. पेटण्याचा धोका त्यालाही आहे, कप-टायरांत डास त्यालाही आहेत, पण त्याला गिऱ्हाईक आहे. भंगारवाला कोरडं पुठ्ठं घेतो, भाताने माखलेलं घेत नाही.

इंदूरने नेमकं हेच केलं. जुन्या इंदूरकरांना देवगुराडियाच्या वाटेवरचं ट्रेंचिंग ग्राउंड, म्हणजे शहराचा कचरा टाकायची जागा, आठवत असेल. शिवरात्रीला महादेवाच्या जत्रेला जाताना वारा त्या बाजूने आला की आई पदर नाकाला लावायची. तिथे वर्षानुवर्षं साठलेला सुमारे १३ लाख टन कचरा होता. २०१८ साली तो बायोमायनिंग करून उपसला. म्हणजे जुना ढीग फोडून लांबलचक रांगा लावायच्या, त्यावर जंतूंचं विरजण शिंपडायचं, रांगा पुन्हा पुन्हा उलटून हवा खेळवायची. हवा मिळाली की मिथेनचे जंतू मरतात आणि साधं, बिनवासाचं कुजणं पूर्ण होतं. मग सगळं मोठ्या गोल फिरत्या चाळणीतून काढायचं. माती एकीकडे, दगड-विटा दुसरीकडे, वाळलेलं प्लास्टिक आणि चिंध्या तिसरीकडे, सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून. १९ फेब्रुवारी २०२२ ला तिथे ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा प्रकल्प सुरू झाला, रोज ५५० टन क्षमतेचा. जो मिथेन हवेत जात होता, त्यावर शहरातल्या बस चालू लागल्या.

पण यंत्रापेक्षा मोठं काम सकाळी दारात झालं. कचरा गाडी आली की ओलं वेगळं, सुकं वेगळं, घातक वेगळं, आणि मिसळलेलं असेल तर परत. पहिल्या वर्षी आमच्याही घरी कुरकुर झाली. सासूबाईंना उष्ट्या पानाचा आणि केराचा डबा वेगळा ठेवायची सवय लहानपणापासून होती, त्यांना ते सर्वांत लवकर जमलं. मिसळलेला कचरा या प्रकल्पातल्या टाकीत गेला असता तर जंतूच मेले असते, कारण सेल आणि औषधं त्यांनाही विषच.

एक गोष्ट मात्र बायोमायनिंगने होत नाही. ढीग हलतो, पण चाळीस वर्षांत खडकाच्या चिरांत उतरलेला काढा हलत नाही. तो पावसागणिक थोडा थोडा पातळ होत जातो, त्याला आपल्या हिशेबात न बसणारी वर्षं लागतात. जिथे अजून ढीग वाढतो आहे अशा शहरांत माझे नातेवाईक आहेत, त्यांना मी फोनवर हेच सांगते: जमीन मोकळी करता येईल, पाणी मोकळं करता येत नाही.

आणि इंदुरातही सगळं संपलं आहे असं नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला एक रिकामा प्लॉट आहे, मालक परगावी. रात्री कोणीतरी गाठ मारलेल्या पिशव्या आत भिरकावतं, गाय त्या फाडते, भाताबरोबर पिशवीही गिळते, आणि ती तिच्या पोटातून कधीच बाहेर येत नाही. मागच्या पावसाळ्यात त्या प्लॉटसमोरच्या घरातल्या मुलीला डेंग्यू झाला. आठ दिवस सलाईन. मग आम्ही चौघीजणी आत गेलो, एकाच कोपऱ्यात एकवीस करवंट्या आणि दोन टायर निघाले, सगळ्यांत पाणी आणि पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या. यंदा पाऊस यायची वाट बघणार नाही. रविवारी सकाळी सात वाजता जायचं ठरलंय, हातमोजे मी आणणार आहे, पत्रा कापायची कात्री समोरच्या भाऊंकडे आहे.